एका रेघेची चूक

मागच्या दारातून लुपेने आत पाहिलं आणि अळकुड्यांचं टोपलं हातात धरून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. फिफिता आत्याने बापाचा भांग डावीकडे पाडला होता.

समोरच्या खोलीत चटयांच्या थरावर तिच्या बापाला, केलेपीला, शेवटचं निजवलं होतं. त्याची थोरली बहीण फिफिता उशाशी बसली होती, कारण ती जागा तिचीच. मेलेल्याच्या डोक्याला हात लावायचा तो बहिणीने. त्याच्या मुलांनी जुन्या, फाटक्या, मोठाल्या चटया कमरेला गुंडाळायच्या, केस मोकळे सोडायचे आणि मागच्या अंगणात चुलीपाशी राबायचं. जिवंतपणीसुद्धा बापाच्या डोक्याला मुलांचा हात लागता कामा नये, त्याच्या ताटातलं उष्टं मुलांनी खाता कामा नये. आमच्या बेटावर, कोलोवाई गावात, हे कुणी कुणाला शिकवत बसत नाही. लुपे चव्वेचाळीस वर्षांची होती, शाळेत मास्तरीण होती, पोरं तिला चळचळा कापत; पण त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची तिची छाती नव्हती.

भांग नेमका डोक्यावरच्या जुन्या व्रणावरून गेला होता. तीन वर्षांपूर्वी केलेपीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो कपाटाच्या कोपऱ्यावर पडला. जखम भरली, पण तिथे केस उगवले ते उगवलेच नाहीत. डावीकडे भांग पाडला की ती चुरगळलेली पांढरी जागा उघडी पडे. अजून तासाभराने पाद्री येणार होते, मग सगळं गाव एकेक करून त्याच्या कपाळाचा मुका घ्यायला वाकणार. आणि केलेपी हा शर्टाचं बटण तुटलं तर बस सोडून घरी परत येणारा माणूस.

छत्तीस वर्षं तो राजधानीत, नुकुआलोफात, एका लाकूड-सिमेंटच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस होता. खिशाला तीन पेनं असत. निळं लिहायला, लाल तपासायला आणि हिरवं कशाला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्चमधल्या फळ्यावर भजनाचा आकडा चुकला तर तो उठून बोलत नसे, पण ‘आमेन’ होईपर्यंत त्याला चैन पडत नसे. एकदा ऑकलंडच्या नोकरीचं पत्र आलं. पगार तिप्पट, मात्र पहिलं वर्ष एकट्याने राहायचं. त्याने ते दोनदा वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. बायकोने, लेसिएलीने, कारण विचारलं तर म्हणाला, “तिथून संध्याकाळी घरी यायला बस नाही.” त्याने आयुष्यात केलेला हा बहुधा एकच विनोद. घरात तो वर्षानुवर्षं सांगितला गेला.

संध्याकाळच्या बसने तो येई तो फाटकापाशी खाकरूनच. घरात बहीण आलेली असली तर तो अंगणातच बसे. मोठे झालेले भाऊ-बहीण आमच्यात एका खोलीत गप्पा मारत नाहीत. त्यामुळे फिफिताने पन्नास वर्षं भावाला पाहिलं ते लांबून, तेही अदबीने नजर खाली ठेवून. आता तिने जो भांग पाडला होता तो शाळेतल्या फोटोतल्या केलेपीचा होता.

खरा भांग कुठला, ते लुपेला माहीत होतं. आणि तेच तिला सांगता येत नव्हतं.

झटक्यानंतर केलेपीचा उजवा हात गेला. लेसिएलीची नजर साखरेने त्याच्या आधीच नेली होती. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच रविवारी तो आरशासमोर डाव्या हाताने कितीतरी वेळ झटापट करत राहिला. शेवटी कंगवा खाली ठेवून म्हणाला, तुम्ही जा, मी प्रार्थनेला येत नाही. लुपेने दार लोटून घेतलं आणि कंगवा उचलला.

“कळतंय ना, काय करतेयस?” त्याने आरशातूनच विचारलं.

“कळतंय. हलू नका, बाबा.”

तिने व्रण झाकून भांग उजवीकडे पाडला. त्याने मान तिरकी करून आरशात पाहिलं.

“चुकीच्या बाजूला आहे.”

“आहे. पण जमलाय.”

त्याचं अर्धं तोंड हसलं. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी तो भांग तिनेच पाडला, दार लोटून. गाव म्हणे, लेसिएली बिचारी आंधळी असून नवऱ्याचे केस कसे चाचपून विंचरते बघा. लेसिएलीने त्यांचा तो समज कधी मोडला नाही.

“टोपलं धरून काय उभी राहिलीस?” फिफिताने मान वर केली. “अळकुड्या सोलून झाल्या?”

“आत्या, भांग उजवीकडे हवा. आई म्हणाली...”

लुपे थांबली. भिंतीशी टेकून बसलेल्या लेसिएलीने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं होतं. तिला विचारलं असतं तर ती डोळ्याची पापणी न लववता हो म्हणाली असती. काम झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं.

दहा वर्षांची असताना लुपेने प्रगतिपुस्तकातल्या एकेचाळीसचे एक्याण्णव केले होते. खोडरबराने कागदाला भोक पडलं. केलेपी रागावला नाही. त्याने ते भोक उजेडापुढे धरलं आणि बराच वेळ त्यातून बघितलं. मग तिला जवळ बसवून दाखवलं: चूक खोडायची नाही. तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची. “चुकलं याची लाज नाही, बाळ. सही नसली तर आहे.” तिने रेघ मारली, एकेचाळीस लिहिले, सही केली. खाली त्याने स्वतःची केली आणि दुसऱ्या दिवशी बस सोडून तिच्याबरोबर बाईंकडे गेला.

लुपेने टोपलं खाली ठेवलं.

“आई काही म्हणाली नाही,” ती म्हणाली. “मीच म्हणतेय. तीन वर्षं बाबांचा भांग मीच पाडत होते, आत्या. माझ्या हाताने.”

खोलीतल्या बायकांचे पंखे थांबले. कुणीतरी जीभ चावली. दोन वर्षांपूर्वी एका पुतण्याला फिफिताने याहून बारीक कारणावरून दफनाच्या आधीच घरी पिटाळलं होतं, आणि तिच्या शब्दापुढे बोलायची पाद्र्यांचीही टाप नव्हती. तिने नुसतं ‘जा’ म्हटलं असतं तर लुपेला बापाच्या थडग्यावर मूठभर वाळूसुद्धा घालता आली नसती.

“कुणी बघितलं होतं?” फिफिताने विचारलं.

“कुणी नाही.”

“मग सांगितलंस कशाला?”

“बाबा खोडू देत नव्हते.”

फिफिता खाली वाकली. तिने अंगठ्याने तो व्रण चाचपला, अगदी हळू, त्याला दुखेल की काय अशा बेताने. “हे एवढं लागलं होतं याला,” ती म्हणाली. “मला कुणी सांगितलं नाही.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या दांडग्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

मग तिने कंगवा वाटीतल्या खोबरेल तेलात बुडवला.

“सांग. कुठून?”

“उजव्या भुवईच्या वरून. थोडं अलीकडे. हं, आता सरळ मागे.”

आत्याने कंगवा ओढला. रेघ मध्येच वळली.

“एवढा वाकडा भांग घेऊन गेला असता का तुझा बाप?”

“नाही.”

“मग नीट सांग की.”

तिसऱ्या खेपेला जमलं. व्रण झाकला गेला आणि केलेपी रविवारचा दिसू लागला. लुपेने ते आईला सांगितलं. लेसिएली म्हणाली, “कळलं मला. तुझ्या आवाजावरून.”

फिफिता गुडघ्यांवर हात देत उठली आणि कात्री घेऊन मागच्या पायरीवर आली. बापासाठी मुलीचे केस आत्यानेच कापायचे असतात. या वेळी तो नुसता रिवाज होता की शिक्षाही होती, ते लुपेने विचारलं नाही. ती खालच्या पायरीवर बसली. आत्याने तिचे केस विंचरले, घट्ट वेणी घातली आणि मानेपाशी कात्री चालवली. केस जाड होते, वेळ लागला.

“जा आता. अळकुड्या तशाच पडल्यात,” आत्या म्हणाली. पण लुपे दाराशीच उभी राहिली, आणि आत्याने तिला परत हटकलं नाही.

फिफिता वेणी घेऊन आत गेली, आपल्या जागी बसली. भावाचं डोकं तिने दोन्ही हातांनी उचललं, खाली वेणीची गुंडाळी ठेवली आणि डोकं तिच्यावर नीट टेकवलं. त्यात भांग जरासा हलला. तो तिने करंगळीने सरळ केला आणि दाराकडे बघितलं.

लुपेने मान डोलावली. बरोबर होता.