निळीच राहिलेली नळी

नळी निळीच राहिली आणि सभागृहातले पाचशे लोक टाळ्या वाजवत उभे राहिले.

व्यासपीठावर अकरा वर्षांची एक मुलगी होती, शेजारी तिचे शिंपी वडील. तासाभरापूर्वी तिच्या लघवीचे आठ थेंब निळ्या द्रावणात टाकून उकळले, तेव्हा द्रावण विटेसारखं लाल झालं होतं. लाल म्हणजे साखर. मग थेंबांनी मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या थेंबदादांनी तिच्या जिभेवर आपल्या औषधाचे तीन थेंब सोडले. आता पुन्हा तीच परीक्षा झाली, आणि रंग निळा तो निळाच.

"मी काही केलं नाही," थेंबदादा हात पसरून म्हणाले. "पेशींना फक्त त्यांच्या बालपणाची आठवण करून दिली. आणि ही परीक्षा तरी कुठे माझी आहे? तुमच्या मोठ्या बाईंनीच ती तुम्हाला शिकवली."

पेशींना बालपण आठवतं, ही माझ्यासाठी बातमीच होती. सव्वीस वर्षं मी बाईंच्या प्रयोगशाळेत नळ्या उकळतोय. एकाही पेशीने असला लाडिकपणा केलेला नाही. पण परीक्षा बाईंची होती, हे खरं. मुलगीही आमचीच रुग्ण. मी उठून बोलायला हवं होतं. टाळ्यांचा तो कडकडाट ऐकून माझा धीर सुटला.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या डॉक्टर. मधुमेह हा खात्यापित्या घरांचा आजार, त्याला वेगळा विभाग कशाला, असं म्हणून मोठ्या रुग्णालयाने त्यांना वाटेला लावलं होतं. बाईंनी एका छापखान्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. चार वर्षं जिने चढून-उतरून हमाल, धोबिणी, गिरणीकामगार तपासले आणि हा आजार कष्टकऱ्यांच्या घरातही तितकाच आहे, हे आकड्यांनिशी दाखवलं. तो निबंध तीनदा परत आला. चौथ्यांदा छापावा लागला. मग त्यांनी आयांना इन्सुलिनची सुई टोचायला शिकवलं, लघवीची परीक्षा स्वयंपाकघरातल्या शेगडीवर आणली. "उद्या या बायका ऑपरेशनं करतील," म्हणून बडे डॉक्टर हसले. बाई म्हणाल्या, "आधी तुम्ही त्यांच्याइतकी स्वच्छ सुई उकळायला शिका."

मी सगळं सांगितल्यावर बाईंनी तडक शिंप्याकडे निरोप धाडला: इन्सुलिन एक दिवसही थांबवू नका. उत्तर आलं, "नळी निळी आहे, बाई. आता कशाला टोचायचं लेकराला?"

गुरुवारी दुपारी तो तिला खांद्यावर टाकून धावत आला. तिची जीभ कोरडी पडली होती, श्वास खोल चालला होता आणि त्याला पिकून नासलेल्या फळांचा वास येत होता. बाईंनी एक क्षणही बोलण्यात घालवला नाही. शिरेतून सलाइन, इन्सुलिन, दर तासाला तपासणी. मी नळी उकळली, ती लालभडक. शुक्रवारी संध्याकाळी मुलीने डोळे उघडून पाणी मागितलं, तेव्हा शिंपी भिंतीला टेकून खाली बसला.

"मीच मारत होतो तिला," तो म्हणाला.

"तुम्हाला फसवलंय," बाई म्हणाल्या. "नीट आठवा. दोन्ही वेळा द्रावण एकाच बाटलीतून घेतलं का?"

त्याने डोळे मिटले. "नाही. आधीचं टेबलावरच्या. नंतरचं पेटीतल्या."

रविवारी आम्ही तिघं सभागृहात गेलो. थेंबदादांनी एका नव्या रुग्णाची थेंबांनंतरची परीक्षा सुरू करताच बाई पायऱ्या चढून वर गेल्या.

"पेटीतल्या बाटलीतलं चमचाभर द्रावण मला द्या."

थेंबदादा गोड हसले. "ताई, अविश्वासी हातात परीक्षा फळत नाही."

"हात माझे नकोत, तर यांचे घ्या."

शिंपी पुढे आला. "दादा, माझा तर पुरता विश्वास होता. त्या विश्वासापायी माझी लेक मरता मरता वाचली. द्या बाटली."

मागून कोणीतरी म्हणालं, "द्या की. लपवायचंय काय?"

शिंप्याने दोन नळ्या भरल्या, एक टेबलावरच्या बाटलीतून, एक पेटीतल्या. बाईंनी औषधाच्या दुकानातला ग्लुकोजचा सीलबंद डबा पहिल्या रांगेतल्या एका गृहिणीकडून फोडून घेतला. दोन्ही नळ्यांत चिमूट चिमूट पूड टाकून उकळली. पहिली हिरवी, पिवळी, मग लाल झाली. दुसरी मात्र निळीच.

"या नळीत मी आत्ता साखर घातली. तुम्ही सगळ्यांनी पाहिलं," बाई म्हणाल्या. "तिला ती दिसतच नाही. आंधळी आहे ही. हिच्यात काहीही घाला, तुम्ही बरे झालेलेच दिसाल."

थेंबदादा पेटी आवरू लागले, पण पेटीवर शिंप्याचा हात होता. पुढे पोलीस आले. मी ते द्रावण तपासलं: पाण्यात नुसता मोरचूद. रंग हुबेहूब, पण ज्या सोड्याशिवाय साखर ओळखता येत नाही, तो त्यात नव्हताच. जिभेवरचे थेंब म्हणजे मीठपाणी.

सगळे काही आमच्या बाजूने झाले नाहीत. "मोठ्या बाईंचं गिऱ्हाईक तुटत होतं ना," असंही लोक बोलले. सोमवारी दवाखान्यासमोर साठ-सत्तर जण गोळा झाले, निम्मे घाबरलेले, निम्मे चिडलेले. एकाने तोंडावरच विचारलं, "आणि तुमच्या बाटलीचं काय? ती तरी खरी कशावरून?"

मला राग आला. बाईंना मात्र तो प्रश्न फार आवडला. त्यांनी आमचं टेबल रस्त्यावर आणवलं, आमचीच बाटली त्या माणसाच्या हातात दिली आणि ग्लुकोजचा डबाही दिला.

"एका नळीत साखर घाला, एकीत नका घालू. मला सांगू नका कुठल्या," त्या म्हणाल्या. "त्याची असो, माझी असो, तपासल्याशिवाय कुठल्याच बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही. आणि तपासून होईपर्यंत सुई बंद करायची नाही."

त्या माणसाने बाह्या सरसावल्या आणि शेगडी पेटवली. मागे रांग लागली.