गाडी परत करायचा दिवस

चंद्रशेखरचा रुचिर अमेरिकेतच राहिला तर आपल्या नवऱ्याच्या, हेमचंद्रच्या पदरात काय पडणार, याचं गणित संजीवनीने सुरळीच्या वड्या गुंडाळता गुंडाळता मांडून टाकलं होतं. त्याला एक सोबती मिळणार होता. बाकी काही नाही. पण सिंगापूरच्या मराठी मंडळात सात वर्षं एकट्याने काढलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ असतं.

बाहेर हॉलमध्ये त्याने टीव्हीवर अमेरिकेचा नकाशा लावला होता. समोर सोफ्यावर रुचिरचे आईवडील, चंद्रशेखर आणि मेधा, बसले होते. दोघं जुरोंग ईस्टहून यिशुनपर्यंत एमआरटीच्या ट्रेनने आले होते, येताना इथला हिरवा पांडान केक घेऊन. येण्याचं कारण त्यांनी फोनवर सांगितलं होतं ते असं, की जूनच्या सुट्टीत आरव्ही घेऊन अमेरिकेत फिरायचा विचार आहे, तुम्ही केलेलं आहे, तर जरा माहिती हवी. फोन ठेवल्यावर हेमचंद्र दिवसभर शीळ घालत हिंडला होता.

इथे परमनंट रेसिडेंट झालेल्या घरातल्या मुलाला अठरा वर्षांचा झाला की दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. मंडळातल्या सगळ्या मुलांनी ती काढली होती. गणपतीच्या जेवणाला ही मुलं वाढायला यायची, डोकी भादरलेली, माना रापलेल्या, आणि त्यांच्या आया “बघा ना, कसा बोटाक, अगदी टकलू करून टाकलाय” अशी तक्रार करत त्यांना हॉलभर मिरवायच्या. संजीवनी-हेमचंद्रचा क्षितिज तेवढा त्यात नव्हता. तो सोळाव्या वर्षी अमेरिकेला गेला तो तिकडेच राहिला, आणि आता सिंगापूरच्या विमानतळावर उतरला असता तर आईबापांच्या आधी पोलिसांनीच त्याला ताब्यात घेतलं असतं. मंडळातली माणसं सभ्य. कोणी काही बोलत नसे. “क्षितिज काय म्हणतो?” एवढंच विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत ताटात बघायला लागायचे.

एक मुलगा असा निघून गेला तर ती भानगड असते. दुसराही गेला की लोक त्याला पर्याय म्हणायला लागतात. हेमचंद्रला तो दुसरा हवा होता.

“आरव्ही म्हणजे तुला काय वाटलं, शेखर? टेम्पो ट्रॅव्हलर नव्हे. फ्लॅट आहे फ्लॅट, खाली चाकं लावलेला.”

“यिशुनच्या फ्लॅटएवढा, सर?”

“तुमच्या काँडोपेक्षा मोठा म्हणत होतो मी.”

दोघंही मोठ्याने हसले. सर म्हणायची चंद्रशेखरची सवय न्यू जर्सीच्या ऑफिसातली होती. तिथे दोघं एकाच टीममध्ये होते आणि दोघांचीही मुलं तिथल्याच एका हॉस्पिटलात जन्मली. म्हणून तर मुलांचे पासपोर्ट अमेरिकन होते आणि म्हणून तर ही दुपार शक्य होती.

“आणि वायोमिंगचा वारा!” हेमचंद्र उभा राहिला, दोन्ही हातांत नसलेलं स्टिअरिंग धरून. “तीस फुटी गाडी अशी डुलते. तोवर मी इथे बारा वर्षं सायकलसुद्धा चालवलेली नव्हती. पण म्हटलं, आता माघार नाही.”

स्वयंपाकघरात संजीवनीने वडीवर खोबरं भुरभुरलं. त्या वाऱ्यात गाडी तिने चालवली होती. हेमचंद्र मागच्या पलंगावर डोळ्यांवर टॉवेल टाकून पडला होता आणि दर दहा मिनिटांनी “स्लो, स्लो” म्हणत होता.

“आणि ते पाइपचं काय? कोणीतरी सांगत होतं.”

“ते होय!” हेमचंद्रला ही गोष्ट फार आवडायची. “संडासाची टाकी आपली आपण रिकामी करायची. कॅम्पग्राउंडवर जमिनीत भोक असतं, त्यात पाइप बसवायचा. पहिल्याच दिवशी माझ्या हातून पाइप निसटला. मग काय! क्षितिज आला, ग्लोव्हज चढवले आणि अस्सल सिंगापुरी थाटात मला म्हणतो, ‘पापा, यू स्टँड देअर. डोन्ट टच एनीथिंग, लाह.’ त्या दिवसापासून ते खातं त्याच्याकडे.”

चंद्रशेखर डोळे पुसेपर्यंत हसला. मग पाण्याचा घोट घेऊन, आवाज खाली आणून त्याने विचारलं, “आणि गाडी परत कुठे करायची, सर?”

“डेन्व्हरला. आमच्या प्रबोधच्या घरापासून वीस मिनिटांवर.” प्रबोध म्हणजे हेमचंद्रचा धाकटा भाऊ. “कोलोरॅडोतून निघायचं, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो, यूटा, आणि परत तिथेच. गाडी परत करायच्या दिवसापर्यंत पोराला काही बोलायचं नाही. त्याची मजा का घालवा? शाळेचं प्रबोध बघेल. त्याच्या बायकोशी, उल्काशी पण बोललोय मी. त्यांची वरची खोली रिकामीच आहे.”

खोली रिकामी का आहे, हे चंद्रशेखरने विचारलं नाही. अठरा पूर्ण झाल्याच्या आठवड्यात क्षितिज त्या खोलीतून बाहेर पडला होता. आता तो ओरेगनमध्ये कुठेतरी असतो. वाढदिवसाच्या मेसेजला अंगठा पाठवतो. त्याचा आवाज संजीवनीने शेवटचा ऐकला दिवाळीत, तोही उल्काच्या फोनवरून, उल्का त्याच्या शेजारी बोल बोल म्हणत उभी असताना.

मेधा रिकामा ग्लास घेऊन आत आली. पाणी हवंय असं म्हणाली आणि फिल्टरकडे न जाता ओट्याला टेकून उभी राहिली.

“ह्यांचं ठरलंय सगळं,” ती म्हणाली. “माझं नाही ठरलेलं, संजीवनीताई.”

“वडी घे.”

“रुचिरला वाटतंय आपण बायसन बघायला चाललोय. वर्गभर सांगत सुटलाय. आणि माझ्या मागे लागलाय, मम्मी, तू यस का म्हणत नाहीस? मी कशाला यस म्हणू ते त्याला कुठे माहितीये?” तिने वडी हातात घेतली, खाल्ली नाही. “त्याला जायचंय हो लष्करात. मित्रांचं सगळं ठरलंय, एकाच दिवशी जाऊन डोकं भादरून यायचं म्हणून. हे म्हणतात, दोन वर्षं फुकट जातील, तोवर तिकडची मुलं डिग्री घेऊन बाहेर पडतील. तुम्हीच सांगा.”

हे वाक्य कोणीतरी येऊन म्हणावं, म्हणून संजीवनी सात वर्षं थांबली होती. काय सांगायचं तेही तिने मनात किती वेळा घोटून ठेवलं होतं. तिने गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराचं सरकतं दार ओढून घेतलं.

“गाडी परत करायच्या दिवशी क्षितिज आमच्या आधी उठला,” ती म्हणाली. “पुढच्या काचेवर किडे चिकटून वाळले होते. पाच राज्यांतले. बादली घेतली, स्टुलावर चढला आणि एकेक करून खरवडत बसला. मी म्हटलं, राहू दे रे, ते लोक धुतात. तर म्हणे, दुसऱ्याची वस्तू आहे आई, नीट करून द्यायची.”

मेधाने हातातला ग्लास ओट्यावर ठेवला.

“मग गाडी देऊन आलो. उल्काने जेवायला वाढलं. ह्यांनी टेबलावरच सांगितलं, की तू आता इथेच राहायचंस, काकाकडे. तर तो हसला. ‘गुड वन, पापा’ म्हणाला. त्याला चेष्टा वाटली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, मीही हसतेय का ते बघायला.”

“मग?”

“मी उल्काला विचारलं, मीठ कुठे ठेवतेस गं.”

बाहेर हेमचंद्र ओल्ड फेथफुलच्या गरम पाण्याचा फवारा हातांनी उडवून दाखवत होता. त्याचा आवाज दाराच्या काचेतून बारीक होऊन येत होता.

मेधाने वडी ताटलीत परत ठेवली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

“नाही. मला नाही जमायचं,” ती म्हणाली. “मी ह्यांना आजच सांगते. ओरडले तर ओरडू देत. जाऊ दे त्याला मित्रांबरोबर. निदान शनिवार-रविवार घरी येईल, त्याचे घाणेरडे मोजे तरी धुवीन मी.”

संजीवनीच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. तिने मेधाचा हात धरला. एवढं सोपं होतं तर. खरं सांगायचं, एवढंच.

मेधाने तिचा हात दाबला. नाक पुसलं. आणि मग, अगदी मायेने, खरोखर समजून घ्यायचं म्हणून तिने विचारलं,

“पण तुम्ही कसं हो करू दिलंत, ताई? म्हणजे... तुम्ही आई होतात ना?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर संजीवनीने तो सहज परतवला असता. मंडळातल्या बायकांत वीस वर्षं काढली होती तिने. मेधा नुसती बघत होती, ज्या बाईच्या हातून अपघात झालाय तिच्याकडे बघावं तशी, कणव येऊन आणि किंचित मागे सरून. ती नजर आता कायमची राहणार हे संजीवनीला कळलं. दोन वर्षांनी रुचिर टोपी हवेत उडवेल त्या परेडचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर येतील. मेधा गणपतीला त्याचं भादरलेलं डोकं कुरवाळत हॉलभर फिरेल, आणि संजीवनीपाशी आली की हात काढून घेईल. चांगली आहे ना ती, म्हणून. तिला वाईट वाटेल.

संजीवनीने तिचा हात सोडला आणि ताटलीतली वडी सरळ केली.

“अगं, तू तर रडायलाच लागलीस,” ती म्हणाली. “तेवढा एक दिवस गेला तसा. एक दिवस.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! सोळाव्या वर्षी पोरं कशावरही तोंड पाडतात. आठवड्याभरात तिथल्या मुलांबरोबर बास्केटबॉल खेळायला लागला.”

“आणि तुमच्याशी? बोलतो?”

“दर रविवारी.” तिला वाटलं होतं जीभ अडखळेल. अडखळली नाही. “आज सकाळीच तासभर बोलत होता. मलाच म्हणाला, आई, बरं झालं तेव्हा तुम्ही माझं ऐकलं नाहीत.”

“खरंच असं म्हणाला?”

“तुझी शपथ.”

मेधाच्या चेहऱ्यावरचा ताण एकेका शिरेतून उतरताना दिसला. तिला हेच ऐकायचं होतं. त्यासाठी तर ती ग्लास घेऊन आत आली होती. तिने वडी उचलून तोंडात टाकली आणि भरल्या तोंडाने, एकदम मुलीसारखी हसली.

“मी पण ना! उगाच. ह्यांना कळलं तर हसतील मला.”

“थंडीचे कपडे इथून नेऊ नकोस हं,” संजीवनी म्हणाली. तिचा आवाज आता अगदी रोजचा होता, भाजी कुठून आणावी हे सांगतानाचा. “सगळं तिकडे मिळतं. त्याची एकच बॅग भर. हुशार पोरं बॅगा बघून ओळखतात. आणि शाळेचं काही न्यायचं म्हणाला तर नेऊ दे, नाही म्हणू नकोस.”

“बरं झालं सांगितलंत.”

“आणि त्याच्या आजीआजोबांना फोन लावून दे निघायच्या आधी. नंतर तो कोणाशी बोलायच्या मनःस्थितीत नसतो.” ती थांबली. “सुरुवातीला.”

मेधाने मान डोलावली. हे सगळं ती नीट लक्षात ठेवत होती हे तिच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होतं.

“चहा मिळणार आहे का आम्हाला?” बाहेरून हेमचंद्र ओरडला. “का आत वेगळी ट्रिप काढताय दोघी?”

चहा झाला. केक कापला. जाताना लिफ्टपाशी चंद्रशेखर हेमचंद्रचा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभा होता, आणि मेधाने वाकून संजीवनीला नमस्कार केला. असं ती याआधी कधी करत नसे.

दार लावून हेमचंद्र आत आला तो थेट सिंकपाशी गेला आणि न सांगता कपबशा विसळायला लागला. लग्नानंतर असं किती वेळा झालं असेल ते एका हाताच्या बोटांवर सांगता आलं असतं.

“मेधा कुरकुर करत होती म्हणे,” तो पाठमोराच म्हणाला. “शेखरला तिचीच भीती होती. तयार झाली?”

“झाली.”

“तू काय सांगितलंस तिला?”

“तुम्ही जे सांगितलं असतं, तेच.”

हेमचंद्रचे हात फेसात क्षणभर थांबले. मग त्याने मान हलवली आणि पुढची बशी घेतली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या ओट्यापाशी दोघं शेजारी शेजारी उभी होती, तो विसळत होता आणि ती पुसत होती, आणि दोघांना एकमेकांपासून लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ते सुखाचं नव्हतं. पण सोबत होती.

फोन वाजला. मेधाचा मेसेज होता, ट्रेनमधून पाठवलेला. वर तीनचार हात जोडलेली चित्रं, आणि खाली: “रुचिरला आत्ता फोनवर सांगितलं की मी तयार आहे. मैदानातच ओरडला वेडा. म्हणतोय, संजीवनी आंटीला माझ्याकडून बिग थँक यू सांग.”

तिने तो हेमचंद्रला वाचून दाखवला नाही. चौघांचं काम एका दुपारीत उरकलं होतं आणि चौघांपैकी कोणालाही तोशीस लागली नव्हती. ती लागणार होती पाचव्याला, आणि आभारही तोच मानत होता.