दुसरं शून्य

तिने सोनोग्राफीच्या जेलची बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळली. गार जेल टाचेवर पडलं की माणूस दचकतो. बाकीच्या साठ जणांना ती खुशाल दचकू देत असे.

"ताई, दूध कोमट करताय की काय?" दारातून सफाईच्या मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन पुढे गेल्या.

टेबलावर पालथा झोपलेला पोस्टमन हसला. टाचेमागची शीर तीन वर्षं दुखत होती त्याची. "लोकांचं हातावर पोट असतं, माझं पायावर," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

संशोधनात निम्म्यांना वजन घेऊन टाचा उचलायच्या होत्या, निम्म्यांना नुसतं पाय ताणायचं होतं. कोणाला काय दिलंय हे मोजणारीला कळता कामा नये. म्हणून प्रश्नांच्या कागदावर तिची सही होईपर्यंत, त्यातल्या प्रश्नांपलीकडे अवाक्षर बोलायचं नाही असा नियम. तिने तो पाळला. फक्त त्याचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटला, की "नीट ऐकू आलं नाही" म्हणून एखादा प्रश्न दोनदा विचारायची.

सलग दोनदा दुखणं शून्य आलं, की त्या माणसाचं येणं बंद. चौथ्या खेपेला त्याची शीर जाडच भरली, म्हणजे अजून बरी नव्हती, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. मग त्या बरं वाटण्याची इतकी लाज वाटली, की सहकाऱ्याला बोलावून तिने पुन्हा मोजायला लावलं. तो येणार असे त्या आठवड्यात सोमवारपासूनच तिचं कशात लक्ष नसायचं. आणि मागच्या खेपेला तो शून्य म्हणाला होता.

शीर मोजून झाली. तो उठून बसला, बूट चढवू लागला. तिने कागद पुढे ओढला.

"शून्य ते दहा, या आठवड्यात दुखणं किती?"

त्याने बुटाची जीभ उगाच दोनदा सरळ केली.

"शून्य."

एक लिहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. तिने शून्य लिहिलं.

"दुखण्यामुळे एखादी गोष्ट करायची राहून गेली का?"

"राहिलीय एक," नाडी ओढत तो म्हणाला. "पण त्यात टाचेचा दोष नाही."

कागदावर दोनच चौकोन होते. तिने 'नाही'वर खूण केली, तारीख घातली, सही केली. पेनाला टोपण लावलं.

"मग कोणाचा?" तिने विचारलं.

पोस्टमनने बांधत आणलेली नाडी पुन्हा सोडली.