चकचकीत बाजू वर

मित्रांनो, काचेच्या कपाटात मखमलीवर निजवलेला हा पोलादी दांडा म्हणजे मी. माझ्या टोकाला नाक होतं. आता नुसती नकटी खूण उरली आहे.

विमानाच्या कारखान्यात अॅल्युमिनियमचे दोन पत्रे कडेला कड लावून ठेवायचे आणि मी गरगर फिरत मधोमध नाक खुपसायचं. घासून पत्रा तापायचा, पण वितळायचा नाही. मळलेल्या पिठासारखा मऊ व्हायचा. मग दोन्ही कडा ढवळून एकजीव करत मी पुढे सरकायचो.

मला चालवायचे काका. सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणतो. नाक झिजलं की दांडा बदलायचा, असा नियम. पण काकांचा माझ्यावर फार जीव. "याच्यासारखा दुसरा नाही. राहू दे," म्हणायचे. साहेबांनी तर भिंतीवर माझा फोटो लावला, सगळ्यांत टिकाऊ कर्मचारी म्हणून. मी रजा मागत नव्हतो ना.

नाक आखूड झालं, तसा मी तळापर्यंत पोचेना. वरून सांधा आरशासारखा. खाली कडा नुसत्या शेजारी टेकलेल्या.

एका विमानाचे पत्रे जोडून झाले. सांधा धरतो का ते बघायला त्याच जोडातली नमुन्याची पट्टी वाकवायची होती, तेवढ्यात पाहुणे आले. तपासनीस बाई म्हणाल्या, "उलट बाजूनेही वाकवावी लागेल."

"बाई, पाहुण्यांना काय पाठ दाखवायची? चकचकीत बाजू वर घ्या," साहेब म्हणाले.

पट्टी झकास वाकली. टाळ्या पडल्या. उलटं वाकवायचं जेवणानंतरवर गेलं, आणि जेवण चांगलं होतं. पुढे मला आणि पट्टीला या कपाटात मानाची जागा मिळाली.

आज काकांची लेक त्याच विमानावर हवाई सुंदरी म्हणून रुजू झाली. "माझ्या सांध्यावर पोरगी चालणार," काका सकाळपासून सांगत होते. सांगता सांगता कपाट उघडलं. त्याचं दार नीट लागत नाही. फटीत सारायला त्यांनी पट्टी घेतली, सरळ करायला गुडघ्यावर उलटी दाबली.

बॅगेची चेन उघडावी तशी ती उघडली.

काकांनी उघडी पडलेली कड उजेडात धरली. मग माझ्या नाकावरून अंगठा फिरवला. "कधीपासून पोचत नव्हतास रे तू?"

साहेब आले, पट्टी पाहिली, खोलीचं दार लोटलं. "काका, ती आधी आत ठेवा. पाहुणे येताहेत."

काकांनी ठेवली नाही. ते लेकीला फोन लावताहेत. विमान सुटलं की फोन बंद असतो, हे त्यांनाही ठाऊक आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतात. मला जपू नका. नाक झिजलं की भंगारात टाका, फोटो न काढता.

काकांनी पुन्हा फोन लावला आहे.