दोरीवरची फडकी

रुचिताच्या मुलीला जन्मतः शीची जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी नर्सच्या लक्षात आलं, तिसऱ्या दिवशी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सर्जनबाईंनी आतडं पोटावर काढून तिथे तात्पुरती वाट केली. पुढे दोन ऑपरेशनं होती. आधी योग्य ठिकाणी जागा करायची, मग पोटावरची वाट बंद करायची. "वजन वाढू द्या आणि पोटाची कातडी जपा," त्या म्हणाल्या. "कातडी सोलली तर मला हात लावता येणार नाही."

आंधळगावला परतल्यावर सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, आधी दार लोटलं.

"कोणाले सांगायचं नाही. पोरीची जात हाय. उद्या लोक लगनात हेच काढतीन."

जन्माची साखरही वाटली नाही. बाळ अशक्त आहे, एवढंच गावाला कळलं.

एवढ्याशा पोटावर शी जमा करायची पिशवी चिकटून राहत नव्हती, म्हणून रुचिता सुती कापडाच्या घड्या ठेवी. दिवसाला वीस-बावीस. ती धुवून मागच्या खोलीत, बाजेखाली बांधलेल्या दोरीवर वाळत घाली. अंगणात एवढी फडकी दिसली असती तर कोणीतरी विचारलंच असतं.

तीन महिन्यांनी वजन भरलं. भोजराज रजा टाकून बायको, आई आणि लेकीला घेऊन नागपूरला गेला. सर्जनबाईंनी घडी उचलली. भोवतीची कातडी लालभडक झाली होती, जागोजागी पांढरे ठिपके होते.

"ही बुरशी आहे. कापडं कुठे वाळवता?"

भोजराजने आईकडे पाहिलं.

"घरात," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"आजी, एवढं ऊन आहे तुमच्याकडे. घरात का?"

बाईंनी मलम लिहून दिलं आणि ठरलेली तारीख खोडली. "कडक उन्हात वाळवा. कातडी बरी झाली की या. नाही झाली तर ऑपरेशन नाही."

गावी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामाबाईंनी अंगणात, कडुनिंबापासून संडासाच्या खांबापर्यंत, स्वतः दोरी ताणली. रुचिता दारात उभी राहून पाहत होती.

"पाहून काय राहिली? आण फडके."

शेजारची रुखमा कुंपणापाशी आलीच.

"वो मामी, एवढे फडके? जुळे झाले का काय?"

सत्यभामाबाईंनी हातातलं फडकं झटकलं, दोरीवर घातलं, नीट ताणलं. मग म्हणाल्या, "पोरीले शीची जागाच नव्हती. डाक्टरनं पोटावर रस्ता केला. हे फडके त्याचे."

रुखमाने एक फडकं बोटांत चोळून पाहिलं आणि तडक निघून गेली. सत्यभामाबाईंचे हात थांबले.

थोड्या वेळाने रुखमा परत आली. तिच्या काखेत एक लुगडं होतं, धुवून धुवून विरलेलं.

"तुमचं कापड राठ हाय, टोचत असंन लेकराले. हे माझ्या सासूचं. फाडा."

"सासूची आठवण कायले फाडतेस वो?"

"जिवंत होती तवा मले एक गोड शब्द नाही बोलली. आता तरी कोणाच्या कामी येऊ दे."

रुचिता हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. दुपारपर्यंत पलीकडच्या घरातल्या गोदावरीबाईंकडून दोन धोतरं आली, वरच्या आळीतून जुन्या चादरी आल्या. आभाळ भरलं आणि रुचिता आत असली, तर जी बाई रस्त्यावर असेल ती फडकी काढून आणून देऊ लागली.

महिन्याभरात कातडी स्वच्छ झाली. दुसरं ऑपरेशन झालं. त्यानंतर काही महिन्यांनी तिसरं.

तिसऱ्यानंतर चौथ्या दिवशी नागपूरहून भोजराजचा फोन आला. सत्यभामाबाईंनी फोन कानाला लावला आणि तशाच अंगणात येऊन ओरडल्या, "रुखमे! पोरीनं शी केली वो! जागच्या जागी!"

"मंग साखर आणा, मामी. जन्माची बाकी हाय."

त्यांनी डबा काढला. घरोघरी चिमूट चिमूट साखर वाटली आणि कोणी "कायची?" विचारलं की कारणही सांगितलं. शेवटी त्या रुखमाच्या दारी आल्या.

रुखमाने साखर तोंडात टाकली. "आता फडके नाही लागत ना? मंग सासूच्या लुगड्याचे काठ तेवढे मले परत द्या."

"काहून वो?"

"असू दे," रुखमा म्हणाली. "तिनं एक काम चांगलं केलं."