बंद झडपेआडची तालीम

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी टपरी आहे. पण मी चहा विकत नाही आणि पानही नाही. मी मतं मागते. स्वीडनमधल्या एका लष्करी छावणीच्या गावात दर निवडणुकीला चौकात सगळ्या पक्षांच्या टपऱ्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्यांतली मी एक. पक्षातल्याच एका सुताराने सुट्टीच्या दिवशी मला घडवलं आणि लाल रंग दिला.

माणसं पाहण्याची हौस मला तेव्हापासूनची. ती माझ्याकडे कॉफी पितात, शेजारच्या टपरीवर दालचिनीचा पाव खातात आणि मत तिसऱ्यालाच देतात. हसू मात्र तिन्हीकडे सारखंच. हा हिशोब मला कधी जुळवता आला नाही.

पहिल्या निवडणुकीत लोक माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढत. नंतर मी अग्निशमन केंद्रामागच्या शेडमध्ये पडून राहू लागले. फळ्या आक्रसल्या, फटी पडल्या. त्यांत लांबी भरावी, असं कुणाला सुचलं नाही.

यंदा आमच्या पक्षाकडून खासदार टीरा लिंडमार्क पुन्हा निवडणुकीला उभी होती. दूरच्या एका युद्धात आपली तुकडी पाठवावी, म्हणून तिने संसदेत स्वतःच्याच पक्षाविरुद्ध मत दिलं होतं. तुकडीत बरीचशी मुलं याच गावची. तेव्हापासून लोक तिच्याशी हवापाण्याच्या पलीकडे बोलत नव्हते. तिची जागा जाणार, या धास्तीने पक्षाने राजधानीतून येस्पर नावाचा सल्लागार धाडला. एका सकाळी त्याने माझी झडप आतून लावून घेतली.

"मी गावकरी होतो. विचारतो, आमची मुलं का पाठवलीस?"

"मला वाटलं की..."

"वाटलं म्हणू नकोस. 'तेव्हा हाती असलेल्या माहितीनुसार' असं म्हण. मग एक सुस्कारा. मग पाव पुढे कर."

"पाव कशाला?"

"तोंड भरलेला माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही."

"आणि गिळल्यावर?"

"तोवर मागच्याची पाळी येते."

टीरा हसली. मग तिने विचारलं, "बसवाला बोर्ये आला तर? त्याची लेक एल्सा तिथे जखमींवर उपचार करते."

"आईबापांसाठी वेगळं वाक्य आहे. 'तुझं दुःख मी समजू शकते.'"

"अरे, ती जिवंत आहे."

"मग दुःखाच्या जागी काळजी घाल."

मित्रांनो, या गावचे लोक बंद झडपेवर थाप मारत नाहीत. आत काम चाललं असेल, असं समजून रांग लावतात आणि मुकाट उभे राहतात. तशी रांग बाहेर लागली होती. माझ्या फटींतून प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत पोचत होता, पण दुसऱ्याचं बोलणं तोडणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी खाकरलंसुद्धा नाही.

टीराने झडप उघडली. सगळ्यांत पुढे बोर्ये होता.

"झाली तालीम?" तो म्हणाला. "मग आता मी विचारतो. एल्साला का पाठवलंस?"

येस्परने पावांची थाळी पुढे सरकवली. बोर्येने ती तितक्याच हळुवारपणे मागे सरकवली.

टीराचे कान लाल झाले होते. "भीतीपोटी," ती म्हणाली. "उद्या आपल्यावर वेळ आली तर कोण धावून येईल, याची भीती. माणसं मरतील, हे मला माहीत होतं. पण त्यांत एल्सा असेल, असा विचार मी केला नाही. करायला हवा होता. केला असता तरी मत बहुतेक तेच दिलं असतं."

येस्परने डोळे मिटले.

"मग माझं मत तुला नाही," बोर्ये म्हणाला.

"बरं."

"आणि ती परत कधी येणार, ते कुणाला विचारू? जो तो 'कळवू' म्हणतो."

टीरा बाहेर आली आणि त्याच्याशेजारी उभं राहून तिने तिथूनच संरक्षण खात्यात फोन लावला. रांग थांबून राहिली. पावांना कुणी हात लावला नाही.

मतदान आटोपताच मला शेडमध्ये आणलं. टीरा निवडून आली की पडली, मला ठाऊक नाही. टपऱ्यांना निकाल कुणी सांगत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला वेळेवर रंग द्या, ओल लागू देऊ नका, एवढंच मी मागणार होते. आता आणखी एक मागते. मोठेपणी कधी कुणाला धोक्याच्या जागी पाठवायचं ठरवलंत, तर त्याच्या घरच्यांना स्वतःच्या शब्दांत उत्तर द्या. त्यांना 'माझं मत तुला नाही' असं म्हणू द्या. ते पुरतं ऐकून घ्या, आणि मग त्यांच्यासाठी कॉफी ओता.