ताई सेवेला आली

ताई आली ती धाकटीची सेवा करायला. घरी सगळ्यांना तिने तसंच सांगितलं होतं; आजाराचं नाव मात्र काढलं नव्हतं, नुसतं "तिला बरं नाही" एवढंच. बॅगेत मऊ चादरी होत्या, शेकायची रबरी पिशवी होती, आणि मनात भरपूर रडू साठवलेलं होतं. विमानतळाच्या दारातून ती बाहेर आली तर समोर धाकटी उभी, दंड पूर्वीपेक्षा भरलेले, चेहरा तजेलदार. ताईची जड बॅग तिने एका हाताने उचलली आणि म्हणाली, "चल लवकर, बस चुकेल." ताईला रडायला निमित्तच मिळेना.

खरं तर हा गोंधळ ताईच्या आधी धाकटीच्या डोक्यात होऊन गेला होता. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर ती या परदेशात आली आणि जुने सोफे, खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात लागली. फाटकं कापड उसवायचं, आतला काथ्या झटकायचा, स्प्रिंगा सुतळीने नव्याने बांधायच्या आणि वरून नवं कापड ताणून शिवायचं, हे तिचं काम. दुसऱ्या वर्षी एक ताप अंगात मुरून बसला. तपासण्या झाल्या आणि एचआयव्ही निघाला. कुठून आला असेल, नवऱ्याकडून की इकडे मध्यंतरी ओळख झालेल्या त्या माणसाकडून, यावर तिने पुष्कळ डोकं शिणवलं आणि शेवटी नाद सोडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, रोज गोळी घ्या, चुकवू नका. काम करा, हिंडा-फिरा, म्हाताऱ्या व्हा. धाकटी तर मरणाची तयारी करून गेली होती. आपल्यामागे झाडं वाळून जातील म्हणून खिडकीतल्या सगळ्या कुंड्या तिने शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. आता त्या परत कोणत्या तोंडाने मागायच्या, हे तिला कळेना. मागितल्याच नाहीत.

गोळी लागू पडली. काही महिन्यांनी रक्तात विषाणू सापडेनासा झाला. गोळ्या नीट चालू ठेवल्या तर उद्या लग्न केलंत तरी नवऱ्याला लागण होणार नाही, असंही बाईंनी सांगितलं. धाकटी पोहायला शिकली, सायकलवर कामाला जाऊ लागली. पण आपण आजारी की धडधाकट, असं कोणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. जाड कोट घ्यायला दुकानात गेली की वाटे, इतका टिकाऊ कशाला?

ताईने आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. धाकटीचा कप वेगळा ठेवला, टॉवेल वेगळा वाळत घातला. हे ती गुपचूप करायची, आणि धाकटी पाहून न पाहिल्यासारखं करायची. पण बाहेर फिरताना तहान लागली की हीच ताई धाकटीची बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायची. रोज सकाळी तिला पुढ्यात बसवून वेणी घालायची, दुपारी तिच्याच उशीवर डोकं टेकून डुलकी काढायची. रागवावं तर कशावर, आणि न रागवावं तर का, हे धाकटीला उमगेना.

घरात कंटाळली म्हणून एके दिवशी ताई तिच्याबरोबर कारखान्यात गेली. कोपऱ्यातल्या अर्धवट खुर्चीवर बसून काम पाहत राहिली. चहाच्या वेळी म्हातारे मालक आले. त्यांचे गुडघे आता साथ देत नव्हते. त्यांनी धाकटीला सांगितलं की कारखाना तू चालव, पण पुढची दहा-बारा वर्षं इथून हलणार नाहीस असा शब्द दे. सवडीने सांग म्हणाले आणि गेले. काय म्हणाले, असं ताईने विचारलं. धाकटीने सांगितलं आणि पुन्हा सुई हातात घेतली. पण डोक्यात दहा वर्षं, बारा वर्षं एवढंच घुमत होतं. जाड कापडातून ओढताना वाकडी सुई सटकली आणि तळहात खोलवर चिरत गेली.

रक्त भळाभळा आलं. कोणी उठायच्या आत ताई धावली आणि स्वतःच्या हातांनी तिने जखम घट्ट दाबून धरली. धाकटी हात सोडवून घ्यायला बघत होती, सोड म्हणत होती. ताईने ऐकलं नाही. मलमपट्टी झाली. मग ताईने आपल्या लाल हातांकडे पाहिलं आणि ते अंगापासून लांब धरले.

दोघी तशाच दवाखान्यात गेल्या. ताईला तिथली भाषा येत नव्हती, त्यामुळे मध्ये धाकटी. डॉक्टरबाईंनी ताईचे हात उलटसुलट करून पाहिले. कुठे चीर नाही, जखम नाही, शिवाय हिच्या रक्तात विषाणू सापडतही नाही. काही होणार नाही, असं त्या म्हणाल्या. धाकटीला वाटलं, सुटलो. पण ताई उठेना.

"विचार त्यांना, ही कधीपर्यंत जगेल."

"ताई, मी इथेच बसलेय."

"मला भाषा येत असती तर तुला बाहेर बसवलं असतं. विचार."

धाकटीने विचारलं. गोळ्या चालू ठेवल्या तर चारचौघांइतकीच, असं उत्तर आलं. तिने ते ताईला सांगितलं.

"मग हिला झालंय तरी काय?"

हा प्रश्न धाकटीच्या तोंडून निघेना. इतकी वर्षं तो तिचाच होता. बाई वाट पाहत होत्या. शेवटी तिने विचारला. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, विषाणू अंगात आहे, पण दबलेला आहे. गोळी सोडलीत तर डोकं वर काढेल. याहून वेगळं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मग ताईला घाम फुटलेला पाहून त्यांनी तिचा रक्तदाब मोजला, आणि पुन्हा मोजला. तो भलताच वाढलेला होता. ताईने तो आजवर कधी तपासलाच नव्हता. गोळ्या घेऊन बाहेर पडली ती ताई.

बसमध्ये धाकटीने धीर करून विचारलं, "रक्ताला हात लावलास. मग कप वेगळा का ठेवतेस?"

ताई म्हणाली, "रक्त आलं तेव्हा विचार करायला वेळ नव्हता. कपाच्या वेळी असतो."

धाकटीला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यातलं कुठलं जास्त, ते ठरेना.

दोन दिवसांनी ती मालकांकडे जाऊन हो म्हणाली. पक्कं ठरवून गेली होती असं नाही. नाही म्हणायला कारण शोधत होती आणि सापडलं नाही. शब्द दिल्यावर बाहेर येऊन फाटकापाशी उभी राहिली, तर आपण फार मोठी थाप मारली असं तिला वाटू लागलं. सायकलवर बसेपर्यंत ते गेलं. संध्याकाळी पुन्हा आलं.

ताई परत गेली. पोचल्यावर आठवडाभराने तिचा फोन आला, तेव्हा धाकटी एका सोफ्याच्या स्प्रिंगा बांधत होती.

"आईला नाव सांगितलं आजाराचं," ताई म्हणाली.

धाकटीच्या हातातली सुतळी सैल पडली. आई काय म्हणाली, असं तिने विचारलं.

"विचारत होती, नीट जेवते का. मी हो म्हटलं. मग भाजी निवडत बसली. तिला कळलं की नाही, ते मला कळलं नाही."

"कळलं का म्हणून विचारू नकोस तिला," धाकटी म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "नाही, विचार."

"एक काहीतरी सांग."

"थांब जरा," असं म्हणून धाकटीने फोन खांद्याने कानाशी धरला आणि सुतळी पुन्हा ताणून घेतली.